आडनावाचा अर्थ नंतर बघा, आधी त्याचं वय काढा

गेल्या वाढदिवसाला भाच्याने मला एक फ्रेम आणून दिली. मधोमध ढाल, ढालीवर सिंह, खाली सोनेरी अक्षरांत 'वडगावकर घराणे', आणि त्याखाली हे आडनाव शौर्याचं प्रतीक असल्याचं दोन ओळींत लिहिलेलं. इंटरनेटवरून मागवली होती. मी म्हटलं, "अरे, माझ्या आजोबांच्या वडिलांचं आडनाव काय होतं, सांग बरं." म्हणाला, "वडगावकरच की, आत्या." नव्हतं. कुलकर्णी होतं. वडगावकर हे आडनाव उणंपुरं शंभर वर्षांचं आहे, आणि त्या शंभर वर्षांत आमच्यातल्या कुणी काठीसुद्धा उगारल्याचं ऐकिवात नाही.

माझं माहेर वडगावकर, सासर पाटील. नोकरी तलाठ्याची, बत्तीस वर्षं, सगळी सातारा जिल्ह्यात. पूर्वी गावचं दप्तर कुलकर्णी सांभाळायचा. 1950च्या कायद्याने कुलकर्णी वतनं खालसा झाली आणि ते काम पुरतं तलाठ्याकडे आलं. म्हणजे ज्या कामावरून आमच्या घराला नाव पडलं होतं, तेच काम फिरून माझ्या टेबलावर आलं. आता निवृत्त आहे आणि ओळखीपाळखीतले लोक विचारतात, "मॅडम, आमचं आडनाव कुठून आलं?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे शब्दकोश बाजूला ठेवा. आडनावाचा अर्थ हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न असा की आपल्या घराण्यात हे आडनाव कधीपासून लावतात, आणि त्याच्या आधी काय लावत होते. बहुतेकांना वाटतं की आडनाव शिवकाळापासून आहे. घराणं असेलही, आडनाव असेलच असं नाही. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे, कटगुणचं. फुलांच्या धंद्यावरून पुण्यात फुले झालं. नाना फडणवीस हे आडनावाने भानू. फडणवीस हा हुद्दा, तोच नाव होऊन बसला. पेशवे तर भट. या माणसांबद्दल भरपूर कागद राहिले म्हणून आपल्याला हे माहीत. तुमच्या-माझ्या घरातही असंच काही घडलेलं असू शकतं, फक्त कागद अजून कुणी उघडलेला नसतो.

घरातून सुरुवात

म्हाताऱ्या माणसांना "आपण मूळचे कुठले?" असं विचारू नका. लगेच एक ठरलेली गोष्ट ऐकायला मिळते. आमच्याकडची गोष्ट अशी होती की 1779 साली मराठ्यांनी इंग्रजांना वडगावला कोंडीत पकडलं तेव्हा आमचे पूर्वज तिथे महादजी शिंद्यांच्या फौजेत होते, त्यावरून वडगावकर. लहानपणी मी ही गोष्ट शाळेत छाती फुगवून सांगितली आहे.

त्याऐवजी बारीक आणि रोजच्या व्यवहारातलं विचारा. कुलदैवत कोणतं, आणि कुलाचाराला नेमक्या कुठल्या देवळात जातो? खंडोबा म्हणून भागत नाही. जेजुरी, पाली की आणखी कुठला? लग्नात देवक कशाचं बसतं? सुतक कुणाकुणाचं धरतो? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा, कारण आडनाव वेगळं असूनही ज्याचं सुतक धरतात तो भावकीतला. असं घर सापडलं की समजायचं, आडनाव मध्ये कुठेतरी फुटलेलं आहे.

मग माळा उतरवा. लग्नपत्रिका, कोर्टाचे कागद, देवघरातल्या पोथीची शेवटची पानं, आणि भांडी. भांड्यांकडे कुणी बघत नाही. आमच्याकडे एक पितळी घंगाळ होतं, आई त्यात कपडे भिजवायची. एकदा चिंचेने घासताना काठाखाली ठोकलेली अक्षरं दिसली: 'रा. कृ. कुलकर्णी वडगांवकर 1915'. पणजोबांचं नाव. दोन्ही आडनावं शेजारी शेजारी, पहिलं अजून सुटलेलं नाही आणि दुसरं पुरतं चिकटलेलं नाही. माझा सगळा शोध त्या घंगाळापासून सुरू झाला.

आडनाव कुठल्या जातकुळीचं?

आता आडनावाकडे नीट बघायचं. हुद्द्याचं असेल तर काम सोपं. शेवटी 'नीस' दिसला की तो फारसीतला 'नवीस', म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार बघणारा पारसनीस, घडामोडींची नोंद ठेवणारा वाकनीस, खजिन्याचा हिशेब लिहिणारा पोतनीस. मुजुमदार, पोतदार, इनामदार यांच्यातला 'दार'ही फारसीच. 1674च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी हुद्द्यांची फारसी नावं बदलून संस्कृत केली, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत. पण लोकांच्या तोंडी आणि आडनावात जुनी नावं राहिलीच. देशमुख-देशपांडे परगण्याचे, पाटील-कुलकर्णी गावचे, चौगुला पाटलाच्या हाताखालचा. कोकणात खोत.

हुद्द्याच्या आडनावाचा धोका एकच: त्यावरून नातं काढता येत नाही. प्रत्येक गावाला पाटील होता, आणि गावागणिक तो वेगवेगळ्या जातीचा असायचा. रायगडचा आगरी पाटील, जळगावचा लेवा पाटील, कोल्हापूरकडचा जैन पाटील आणि आमच्याकडचा मराठा पाटील यांचा एकमेकांशी संबंध असेलच तर तो पदाचा, रक्ताचा नाही.

माझ्या सासरी हेच आहे. मामंजी सही 'पाटील' करायचे, पण देवकाला आणि लग्नाच्या बोलणीला 'आम्ही जाधव' म्हणायचे. जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, त्यांच्या आजोबांच्या नावापुढे जाधवच आहे. गावची पाटीलकी भावकीतल्या दोन तक्षिमांत, म्हणजे वाटेकरी शाखांत, आळीपाळीने फिरत होती. ज्यांच्याकडे ती कायद्याने बंद होताना होती ते पाटील राहिले, दुसरी तक्षीम आजही जाधव लावते. मुलकी पाटीलकी 1962च्या कायद्याने गेली. आडनाव मात्र खालसा करता येत नाही.

जाधव, मोरे, कदम, चव्हाण, साळुंखे, शेलार या कुळी आडनावांचा धागा यादव, मौर्य, कदंब, चाहमान, चालुक्य, शिलाहार या राजघराण्यांशी जोडला जातो. उच्चाराच्या अंगाने तो जुळतो. पण यादवांपासून आपल्या आजोबांपर्यंतचा एकेक दुवा कागदावर दाखवणं ही वेगळी गोष्ट, आणि ते मला माझ्या सासरसाठी जमलेलं नाही. मोऱ्यांच्या देवकात मोराचं पीस असतं, तेव्हा आधी पीस की आधी मौर्य, हा वाद घालायला रात्र पुरत नाही.

टोपणनावांच्या आडनावांना, म्हणजे गोडबोले, वाघ, लांडगे, उंदरे, ढेकणे, दहीभाते यांना, प्रत्येकी एक तरी गोष्ट चिकटलेली असते. गोष्ट लिहून घ्या, पण 'गोष्ट' म्हणूनच. गायकवाडांची गाय आणि कवाडाची कथा बडोद्यापर्यंत पोचलेली आहे, तरी मी तिला गोष्टीच्याच कप्प्यात ठेवते. साधारण नियम असा की आडनावाची गोष्ट जितकी रंगतदार, तितकी ती उशिरा रचलेली.

विदर्भ-नांदेडच्या सीमेकडच्या 'वार'ने संपणाऱ्या आडनावांत तेलुगूची छाया आहे, तिथे मराठी अर्थ शोधत बसू नये.

'कर'चं गणित उलटं असतं

गावावरून पडलेल्या आडनावाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. गावात राहून कुणी त्या गावाचा 'कर' होत नाही. वडगावात सगळेच वडगावचे, मग वडगावकर कुणाला म्हणणार? माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला त्या गावाचा म्हणून ओळखतात. माझे पणजोबा वडगाव सोडून साताऱ्याकडच्या एका गावात आले. तिथे कुलकर्ण्यांचं घर आधीच होतं. मग हे 'वडगावचे कुलकर्णी', आणि पुढे नुसते वडगावकर. त्यामुळे मूळ गावी जाऊन "इथे वडगावकर कोण?" असं विचारलं तर उत्तर येणार, कुणी नाही. मी तसं विचारून हात हलवत परत आलेली आहे. तिथे विचारायचं ते आधीचं आडनाव, आणि "तुमच्यातलं कुणी शंभर वर्षांपूर्वी बाहेर गेलं का?" एवढंच.

अपवाद आहेत. होळकर हे नीरेकाठच्या होळचे. मंगेशकर हे आडनाव दीनानाथांनी मंगेशीवरून घेतलं. घराण्यात त्याआधी हर्डीकर आणि अभिषेकी अशी नावं होती. म्हणजे 'कर' कधी लोक लावतात, कधी आपण होऊन लावून घेतो.

शाळेतही तो लागतो. डॉ. आंबेडकरांचं घराणं सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचा प्रवेश झाला, आणि त्या रजिस्टरात नाव आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. शाळेचं रजिस्टर काय चीज आहे, हे यावरून ध्यानात येईल.

कागद कुठले काढायचे

मूळ शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा सगळ्यात आधी. घरातला जो सर्वांत जुना माणूस शाळेत गेला त्याचा काढा. माझ्या आजोबांचा 1921चा मिळाला, त्यात 'वडगांवकर'. म्हणजे आडनाव 1915 ते 1921 या सहा वर्षांत पक्कं झालं.

त्यानंतर फेरफार. सात-बारा बघून काही होत नाही, तो आजचा कागद. फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. जमीन कुणाकडून कुणाकडे आणि का गेली, ते त्यात वाक्यांनी लिहिलेलं असतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी 1903च्या कायद्याने आली, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात त्यानंतरच्या नोंदी मिळतात. मराठवाड्यात निजामाचा अंमल होता, तिकडे खासरा पत्रक आणि उर्दू कागद. सात-बाऱ्यावर खाली फेरफारांचे नंबर असतात. सर्वांत लहान नंबर घ्या, त्याची नक्कल मागा, त्यात आधीच्या नंबराचा उल्लेख असेल तर तो, असं मागे मागे जायचं. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच गावांचं जुनं दप्तर स्कॅन करून ठेवलेलं आहे. तुमचं गाव नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज.

अर्जात "माझ्या आडनावाचा इतिहास मिळावा" असं लिहू नका. बत्तीस वर्षांत असे किती अर्ज मी 'बोध होत नाही' असा शेरा मारून परत पाठवले, मोजलेले नाहीत. गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, फेरफार नंबर, अंदाजे साल. एवढं दिलंत की कारकून रजिस्टर काढतो.

गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची वही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात, तीही तिथेच मागायची. तिच्यात नाव, बापाचं नाव आणि जात असते. आडनाव पुष्कळदा नसतंच. त्याने नाराज होऊ नका. त्या काळी ओळख नाव-बाप-गाव अशीच होती. 'रामा बिन तुका', म्हणजे तुकाचा मुलगा रामा, एवढ्यावर माणूस सापडायचा.

घरातल्या बायका वंशावळीत दिसत नाहीत. वंशावळ म्हणजे पुरुषांची शिडी. पण नवरा मेल्यावर विधवेचं नाव लागलेलं फेरफारात असतं, आणि 1956च्या वारसा कायद्यानंतर मुलींचीही नावं येतात, पुष्कळदा सासरच्या आडनावासकट. भावकीतल्या कुणाला आठवत नसलेल्या दोन आत्या मला अशाच वारस नोंदीत भेटल्या.

1920-25च्या मागे गेलात की मोडी लिपी लागणार. घाबरायचं नाही. आधी ओळ आखून तिला खालून अक्षरं लटकवत जायची, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ह्रस्वदीर्घाचा भेद नाही, आणि 'मौजे', 'बिन' असले नेहमीचे शब्द आखूड केलेले. नावं वाचण्यापुरती मोडी रोज अर्धा तास बसलं तर महिन्या-दीड महिन्यात येते. सालं मात्र सांभाळा: शकात 78 मिळवले की इसवी सन, फसलीत (हे महसुली साल) 590, महिन्याप्रमाणे एखादं वर्ष पुढेमागे. पेशवाईतल्या वतनाचा किंवा हुद्द्याचा धागा असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर, जे कापडी रुमालांत बांधलेलं आहे म्हणून तिथे रुमालाचा नंबर मागतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने 1910 साली पुण्यात स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळही आहे. पण तिथे घरचा अभ्यास करून जायचं.

या सगळ्यांपेक्षा मला जास्त दिलं ते तीर्थोपाध्यायांच्या वहीने. नाशिक-त्र्यंबकला, पंढरपूरला, काशी-गयेला पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी वंशावळ सांगत दारी येतात, त्यांच्याकडेही वह्या असतात. नाशकात मी गोदाघाटावर जाऊन "वडगावकर" म्हटलं. गुरुजींनी दोन वह्या चाळून मान हलवली. मग मी म्हटलं, "कुलकर्णी, गाव वडगाव." ते म्हणाले, "वडगाव कुठलं, बाई? मावळ, शेरी, बुद्रुक, पेठ, निंबाळकर?"

उत्तर माझ्याकडे होतं, कारण महिनाभर आधी एका फेरफारात पणजोबांच्या नावापुढे वाचलं होतं: 'हल्ली मुक्काम' आमचं गाव, 'मूळ राहणार मौजे वडगाव, तालुके भीमथडी'. भीमथडी म्हणजे आजचा बारामती-दौंडचा भाग. लढाईचं वडगाव राहिलं मावळात, आणि आम्ही निघालो बारामतीकडच्या वडगाव निंबाळकरचे. कागदात गावाच्या पुढे जे तर्फ, परगणे, तालुके असं लिहिलेलं असतं ते वगळून वाचू नका. एकाच नावाच्या दहा गावांतून आपलं गाव तेच निवडून देतं.

गुरुजींनी तिसरी वही काढली. शके 1829, म्हणजे 1907. पणजोबा वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. मोडीत सात ओळी, शाई तपकिरी पडलेली, शेवटी त्यांची स्वतःची सही. 'कुलकर्णी मौजे वडगाव'. त्यात त्यांनी 'व' ज्या वळणाचा काढला होता, त्याच वळणाचा माझे वडील काढायचे. मी वहीखाली माझं नाव लिहिलं. कुठलं आडनाव लिहू, असं विचारलं तर गुरुजी म्हणाले, "दोन्ही लिहा. पुढच्याला सोपं जातं."

किती लोक हे आडनाव लावतात?

जनगणना आडनावांची कोष्टकं छापत नाही. जगभरच्या आडनावांचे आकडे देणारी संकेतस्थळं अंदाजावर चालतात. रोमन लिपीतलं एकच स्पेलिंग दोन आडनावांना लागतं आणि एकाच आडनावाची चार स्पेलिंगं होतात. कुतूहल म्हणून बघा, वहीत उतरवू नका.

त्यापेक्षा मतदार याद्या बऱ्या. निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर केंद्रनिहाय मिळतात. संशयित तालुक्यातल्या पाच-सहा गावांच्या याद्या घ्या आणि नुसत्या मोजा. साळुंखे, साळुंके, सोळंके असे सगळे पर्याय धरून मोजा, अनुस्वाराचा वडगांवकरही सोडू नका. आडनाव कुळीचं असेल आणि एखाद्या गावाची अर्धी यादी त्याच आडनावाची निघाली, तर ते भावकीचं जुनं ठाणं असण्याचा संभव मोठा. आडनाव 'कर'वालं असेल तर तीच गर्दी फक्त एवढं सांगते की लोक तिथे येऊन स्थिरावले. वर म्हटलं तसं, मूळ गाव त्या यादीत रिकामंच असतं.

एकदम एखादं आडनाव नाहीसं झालेलं दिसलं तर राजपत्र बघा. नावबदलाच्या जाहिराती त्यात छापतात. चिडवाचिडवीला कंटाळून आडनाव बदललेली घरं मला तिथेच सापडली.

शेवटी एक इशारा. शोध लागला म्हणून कागदोपत्री आडनाव बदलायला धावू नका. माझ्या मुलाला 'जाधव' सापडल्यावर हुरूप आला आणि त्याने एका अर्जावर 'जाधव-पाटील' लिहिलं. बँकेने अर्ज परत केला, कारण आधार, पॅन, शाळेचा दाखला सगळीकडे पाटील. बदलायचंच असेल तर आधी राजपत्र, मग एकेक करून बाकीचं, आणि त्यात वर्ष जातं. नसेल बदलायचं तर वहीत लिहून ठेवा. आमची वही घंगाळात ठेवलेली असते, आणि घंगाळ आता कपड्यांना वापरत नाहीत. भाच्याची फ्रेम त्याच्यावरच्या भिंतीवर लावली आहे. पोराने हौसेने आणलं, काढायचं कशाला. फक्त मागच्या बाजूला मी पेनाने लिहून ठेवलंय: 'कुलकर्णी, मौजे वडगाव, ता. भीमथडी. वडगावकर सुमारे 1915पासून.'